शत्रूच्या मुलांसाठी पुस्तके

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात तहाची तारीख आली की धडा संपतो. मी कित्येक वर्षे शाळेत हे धडे शिकवीत आलो आहे. परंतु तह झाल्यावर हरलेल्या देशातल्या मुलांचे पुढे काय झाले, हे त्या धड्यांत सहसा नसते. ते मला जेला लेपमन या बाईंच्या चरित्रात सापडले.

बाईंचा जन्म १८९१ साली जर्मनीत स्टुटगार्ट येथे, एका ज्यू घराण्यात झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी दोन मुले. वर्तमानपत्रात नोकरी करून त्यांनी संसार चालविला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, नोकरी गेली, आणि १९३६ साली मुलांना घेऊन त्यांना इंग्लंड गाठावे लागले. १९४५ साली युद्ध संपले, तेव्हा अमेरिकन सैन्याने त्यांना जर्मनीतील स्त्रिया व मुले यांच्या प्रश्नांवर सल्ला देण्यासाठी बोलाविले. ज्या देशाने हाकलून दिले, त्याच देशात त्या परतल्या!

शहरे ढासळलेली, मुले अर्धपोटी. अशा वेळी पुस्तकांची कसली चैन, असे कोणालाही वाटेल. पण बारा वर्षे एकाच मताचे विष प्यालेल्या मुलांना भाकरीबरोबर दुसरे विचारही हवेत, असे बाईंचे म्हणणे. सरकारी तिजोरीत पैसा नव्हता. त्यांनी २० देशांना पत्रे धाडली : तुमच्याकडील मुलांची पुस्तके आम्हांला भेट द्या, या युद्धात मुलांचा काही अपराध नाही.

वाचकहो, हे मागणे सोपे नव्हते. यांतले कित्येक देश जर्मनीनेच होरपळून काढले होते. बेल्जियमने नकार कळविला : जर्मनांनी आम्हांला दोनदा तुडविले आहे. बाईंनी पुन्हा लिहिले, तिसऱ्यांदा तसे होऊ नये म्हणूनच तुमची पुस्तके हवीत. आणि बेल्जियमची पुस्तके आली!

जुलै १९४६ मध्ये म्युनिक येथे या पुस्तकांचे प्रदर्शन भरले, तेही हिटलरने आपल्या पसंतीची कला मिरविण्यासाठी बांधलेल्या कलाभवनात. त्याच वर्षी नाताळात, लढण्यापेक्षा फुलांचा वास घेणे पसंत करणाऱ्या फर्डिनांड बैलाच्या अमेरिकन गोष्टीचे बाईंनी स्वतः भाषांतर केले आणि वर्तमानपत्री कागदावर ३०,००० प्रती छापवून बर्लिनच्या मुलांना वाटल्या.

पुढे रॉकफेलर फाउंडेशनचे साहाय्य मिळाले, आणि १४ सप्टेंबर १९४९ रोजी म्युनिकमधील एका जुन्या बंगल्यात आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उघडले. तेथे मुलांनी फळीवरून आपल्या हाताने पुस्तक काढावे, चित्रे रंगवावीत, परक्या भाषा शिकाव्यात, वाचलेल्यावर वाद घालावा, अशी रीत. कुलूपबंद कपाटाबाहेर रांग लावून उभी राहिलेली मुले रोज पाहणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्या उघड्या फळ्यांचे मोल निराळे सांगायला नको. मुलाने स्वतः निवडलेले पुस्तकच त्याच्या मनात शिरते.

बाई १९७० साली झुरिक येथे वारल्या. ग्रंथालय १९८३ पासून ब्लुटेनबुर्गच्या जुन्या गढीत आहे, आणि ग्रंथसंख्या ६ लाखांच्या पुढे गेली आहे. या सगळ्यात मला थोर वाटते ती बेल्जियमची भेट. मित्राच्या मुलांना खाऊ कोणीही देतो. ज्याने आपले घर जाळले, त्याच्या मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक देण्याला मात्र मोठी छाती लागते. आणि ते मागायलाही तितकीच.