शाळिग्रामाचे कूळ

इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा भीमेला मिळते, तिथे नीरा नरसिंहपूर आहे. तिथली नृसिंहाची मूर्ती वाळूची. ती प्रल्हादाने घडवली अशी श्रद्धा. या नृसिंहाला कुलदैवत मानणाऱ्या कितीतरी घरांत ताम्हनात आणखी एक देव बसलेला असतो: काळा, गुळगुळीत, आवळ्याएवढा शाळिग्राम. पूजेला बसलेल्या यजमानाला गुरुजी गोत्र विचारतात. या दगडाचे गोत्र कोण विचारणार?

तो इथला नाही, हे कुणीही विहीर खणणारा सांगेल. बारामती-इंदापुरात माती संपली की मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ. त्यात गारगोट्या सापडतात, समुद्री शंख मात्र नाही. कारण हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. शाळिग्राम येतो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून, मुक्तिनाथाच्या वाटेवरून. नावही गंडकीकाठच्या शालग्राम या ठिकाणावरून पडले, असे सांगतात.

वृंदेच्या शापाने विष्णू शिळा झाला आणि वज्रकीट नावाच्या किड्याने त्या शिळेत चक्रे कोरली, ही पुराणातली कथा. म्हणून तर कार्तिकात तुळशीच्या लग्नात हा दगड नवरदेव होतो. किड्याची गोष्ट मोठी चतुर आहे. दगडात खरोखरच जीव होता. फक्त त्याने दगड पोखरला नाही, दगड त्याच्याभोवती जमला.

हा जीव म्हणजे अ‍ॅमोनाइट, म्हाकूळ आणि अष्टपादाचा नातलग. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी, हिमालय नव्हता तेव्हा, तिथे टेथिस समुद्र होता. मेलेला अ‍ॅमोनाइट तळाच्या चिखलात रुतला, कुजणाऱ्या शरीराभोवती खनिजे साचून गोळा घट्ट झाला. काही शाळिग्रामांत सोन्यासारखे चमकते, ते बहुधा लोह आणि गंधकाचे खनिज असते. पुढे भारताचा भूखंड आशियाला भिडला, समुद्राचा तळ वर उचलला गेला आणि नदीने गोळे घासून खाली आणले.

चक्राच्या आत या प्राण्याच्या घराच्या भिंती असत. वाढता वाढता तो पुढे सरके, मागची खोली पडद्याने बंद करी आणि शेवटच्या खोलीत राही. बंद खोल्यांतून एक बारीक नळी जाई. तिच्यातून पाणी काढून घेतले की त्या खोल्यांत वायू भरे आणि शंख पाण्यात तरंगता राही. एकाच जातीत मोठे आणि लहान असे दोन आकार सापडतात. मोठी मादी, लहान नर, असे अभ्यासक मानतात. रुंद तोंडाच्या, ठळक चक्राच्या शिळेला जाणते ‘नृसिंह’ म्हणतात, हे नरसिंहपूरकरांना सांगायला नकोच.

जीवाश्माला देवाधर्माशी जोडणे ही काही आपलीच मिरास नाही. इजिप्तच्या आमोन देवाच्या मेंढ्याच्या शिंगांवरून अ‍ॅमोनाइटचे नाव पडले. उत्तर इंग्लंडमध्ये लिंडिसफार्नच्या किनाऱ्यावर मधोमध भोक असलेल्या दगडी चकत्या सापडतात. लोक त्यांना संत कथबर्टचे मणी म्हणत. त्या समुद्री लिलीच्या देठाच्या कड्या. नाव फुलाचे, कूळ तारामाशाचे: देठावर उभे राहून हात पसरायचे आणि वाहते अन्न टिपून वर वळलेल्या तोंडात घालायचे. हे प्राणी खोल समुद्रात अजून जगतात.

अ‍ॅमोनाइट मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. मेक्सिकोजवळ अशनी आदळला तो हाच काळ, आणि दख्खनचा लाव्हा वाहत होता तोही हाच. त्या संहारात लाव्ह्याचा वाटा किती, यावर भूवैज्ञानिक अजून भांडतात. इंदापूरचा कातळ तापलेल्या रसातून थिजत होता, तेव्हा देवघरातला शाळिग्राम आठ कोटी वर्षांहून जुना होऊन चिखलाखाली पडलेला होता. त्याच घडणीचा, खोल्याखोल्यांचा शंख पाठीवर घेऊन त्या संहारातून निसटलेला नॉटिलस प्रशांत महासागरात आजही पोहतो.