इंधन-दारिद्र्य आणि सामुदायिक ऊर्जासल्ला (ब्रिटन)

इंधन-दारिद्र्य : राहते घर पुरेसे उबदार राखण्यास लागणारे इंधन ज्या कुटुंबाला परवडत नाही, त्याच्या अवस्थेस ही संज्ञा लावतात. अल्प उत्पन्न, इंधनाचा चढा दर आणि उष्णता धरून न ठेवणारे घर ह्या तीन कारणांच्या संयोगाने ही अवस्था उद्भवते. आणि ह्यांतील तिसरे कारणच तिला सर्वसामान्य दारिद्र्याहून वेगळी काढते, कारण दोन कुटुंबांची मिळकत समान असली, तरी ज्याच्या भिंती भरीव विटांच्या, खिडक्या एकेरी काचेच्या आणि पोटमाळा उघडा, त्याला तेवढ्याच उबेसाठी कितीतरी अधिक खर्च सोसावा लागतो. भारतात स्वयंपाकाच्या इंधनाची जी विवंचना आढळते तिचे स्वरूप निराळे असल्याने तिचा परामर्श येथे घेतलेला नाही.

व्याख्या व कायदा : ब्रेंडा बोर्डमन ह्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने ह्या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. घर योग्य तापमानास ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या एकदशांशाहून अधिक रक्कम ज्यांना खर्चावी लागेल ती कुटुंबे इंधन-दरिद्री, हा दंडक त्यांच्या विवेचनातून पुढे आला. येथे प्रत्यक्ष खर्च जमेस न धरता आवश्यक खर्च धरावयाचा, ही त्यातील महत्त्वाची खुबी होय. कारण जी वृद्ध स्त्री हीटर बंद ठेवून अंथरुणात बसून राहते तिचे बिल अल्पच असते, आणि केवळ बिलांवरून गणना केली तर नेमकी तीच गणनेतून निसटते. बैठकीच्या खोलीसाठी २१ अंश व इतर खोल्यांसाठी १८ अंश सेल्सिअस हे प्रमाण गृहीत धरण्यात आले. डेव्हिड एमेस ह्यांनी मांडलेल्या खासगी विधेयकाचे २००० साली कायद्यात रूपांतर झाले आणि २००१ च्या धोरणात इंग्लंडमधील दुर्बळ कुटुंबांसाठी २०१० व सर्वांसाठी २०१६ ही मुदत घालण्यात आली. दोन्ही मुदती साधल्या नाहीत. जॉन हिल्स ह्यांच्या २०१२ च्या अहवालानंतर इंग्लंडने एकदशांशाचा दंडक सोडून अल्प उत्पन्न व अधिक खर्च असे दुहेरी माप पत्करले; २०२१ पासून, इंधनाचा खर्च वजा जाता दारिद्र्यरेषेखाली येणारे आणि ऊर्जाकार्यक्षमतेच्या ‘ड’ वा त्याखालील श्रेणीच्या घरात राहणारे कुटुंब ह्या सदरात गणले जाते. माप बदलताच आकडा बदलतो, म्हणून निरनिराळ्या वर्षांच्या आकड्यांची तुलना जपूनच करावी लागते.

सामुदायिक कार्याचा आरंभ : न्यूकॅसल येथे १९८१ साली ‘नेबरहुड एनर्जी ॲक्शन’ ही संस्था स्थापन झाली (पुढे ‘नॅशनल एनर्जी ॲक्शन’). सरकारी रोजगार योजनांच्या साहाय्याने बेकारांना कामास लावून त्यांच्याच वस्तीतील गरिबांच्या पोटमाळ्यांवर उष्णतारोधक थर घालणे व दारे-खिडक्यांच्या फटी बुजविणे, अशा स्थानिक उपक्रमांना तिने पाठबळ दिले. काम करणारा शेजारचाच असल्याने त्याला दार उघडले जाई, आणि फट बुजविता बुजविता घर कसे तापवावे हेही सांगितले जाई; पुढील सल्लासेवेचे बीज ह्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. १९९१ च्या सरकारी अनुदान योजनेत फटी बुजविणे व पोटमाळ्याचा थर ह्यांच्या जोडीस ऊर्जाविषयक सल्ला हीदेखील अनुदानास पात्र बाब म्हणून समाविष्ट झाली. तिच्या जागी आलेल्या ‘वॉर्म फ्रंट’ योजनेचा (२०००–१३) लाभ सुमारे २३ लाख कुटुंबांना झाला. त्यानंतर मात्र इंग्लंडमध्ये हा भार करातून चालणाऱ्या योजनांऐवजी मुख्यत: वीज-वायू कंपन्यांवरील कायदेशीर बंधनावर, म्हणजे पर्यायाने ग्राहकांच्याच बिलांवर, टाकण्यात आला.

सल्ल्याचे स्वरूप : उत्तम सल्लागार आधी बिल व मीटर पाहतो, मग घर. रात्री स्वस्त विजेवर विटा तापवून दिवसा उष्णता सोडणारे साठवण-हीटर ज्या सदनिकांत आहेत, तेथे दोन खुंट्यांचा गोंधळ हा नित्याचा अनुभव आहे : एक रात्री किती उष्णता साठवावी हे ठरविते, दुसरी ती किती वेगाने सोडावी हे, दुसरी अहोरात्र उघडी राहिली तर सकाळीच साठा सरतो आणि संध्याकाळी गारठलेल्या घरात महाग विजेचा सुटा हीटर लावण्याची पाळी येते. वायूच्या संघनक बॉयलरात परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांखाली असेल तरच वाफेतील सुप्त उष्णता नीट परत मिळते, तथापि पुष्कळ बॉयलर अनावश्यक चढ्या तापमानावर बसविलेले असतात. थर्मोस्टॅटचा काटा वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, हेही शांतपणे समजावून द्यावे लागते. भिंतींवरील ओल व बुरशी ह्यांसाठी वायुवीजनाची जाळी मोकळी ठेवावयास सांगणे योग्यच. परंतु ज्या घरात हीटर लावणेच परवडत नाही तेथे बुरशीचा दोष रहिवाशाच्या सवयींवर ढकलणे हा अन्याय होय, आणि जाणते सल्लागार तो कटाक्षाने टाळतात.

त्यापुढील काम दप्तरी स्वरूपाचे : सवलतींचे अर्ज, थकबाकीचे हप्ते, चुकीच्या वाचनाबद्दल तक्रार. आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरवर शिल्लक संपली की पुरवठा आपोआप तुटतो आणि त्याची दाद कोणाच्या नोंदवहीत लागत नाही. असे मीटर सक्तीने बसविण्याचे काम नियामकाच्या सांगण्यावरून फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थगित करण्यात आले. पुढे कडक अटींवर त्यास परवानगी मिळाली. आग्नेय लंडनमध्ये चहापानाच्या निमित्ताने भरणाऱ्या ऊर्जासल्ल्याच्या बैठकी, प्लिमथ येथील रहिवाशांची सहकारी संस्था आणि ब्रिक्स्टन येथे २०१२ पासून सौरवीज-उत्पन्नाचा काही अंश वस्तीतील ऊर्जाबचतीसाठी राखून ठेवणारा उपक्रम, ही ह्या कार्याची अलीकडील उदाहरणे होत.

आरोग्य : थंड घरांचा श्वसन व रक्ताभिसरणाच्या विकारांशी असलेला संबंध मान्य झालेला आहे. राष्ट्रीय आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१५ मध्ये, डॉक्टर व परिचारिका ह्यांनी अशा रुग्णांना एकाच स्थानिक सेवेकडे पाठवावे, अशी शिफारस केली.

परिणाम : केवळ सल्ल्याने इंधन किती वाचते ह्याविषयी मतभेद आहेत. आजवर थंडीत राहिलेले कुटुंब सुधारणेचा लाभ बहुधा बिलात न घेता उबेत घेते, त्यामुळे मीटरच्या आकड्यांवरून यश मोजणारी पद्धत ह्या कार्यावर अन्याय करते. उलटपक्षी, भिंतीला थर नसेल तर सल्ल्याची धाव मर्यादितच राहते.

स्कॉटलंड : २०१९ चा स्वतंत्र कायदा, २०४० पर्यंत प्रमाण ५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट.

वेल्स : एकदशांशाचे माप कायम.

उत्तर आयर्लंड : बहुसंख्य घरे तेलावर तापविली जातात, टाकी एकदम भरण्यास लागणारी रक्कम गरिबांच्या हाती नसल्याने शेजाऱ्यांनी मिळून तेल खरेदी करण्याची मंडळे तेथे चालविली जातात.