पडद्यावरील प्रकाशाची परंपरा

सभागृहात लॅपटॉपला प्रोजेक्टरची तार जोडून पडदा उजळण्याची प्रतीक्षा करणारा वक्ता पाहिला, की मला कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या पुत्रांसह १८९२ साली लोकांपुढे आणलेल्या ‘शांबरिक खरोलिके’चे स्मरण होते, काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारतातील चित्रे दीपप्रकाशाने पडद्यावर प्रक्षेपित करून, आणि एकाहून अधिक दीपयंत्रे कौशल्याने चालवून, त्या निश्चल आकृतींना ते चलनवलनाचा भास देत असत. केवढा हा व्यासंग! पुढे १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत, तीन ओळींत मांडलेल्या १५ पिनांच्या जोडणीतून लाल, हिरवा व निळा यांचे स्वतंत्र संकेत वाहू लागले, आणि संगणकाचे चित्र भिंतीवर नेण्याचा तोच दस्तूर कैक वर्षे अंमलात राहिला.