शिळेवरील नावे आणि दामाशेटीचे घर

यादवकालीन महाराष्ट्राचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची अगदीच वाण नाही. ताम्रपट आहेत, शिलालेख आहेत, हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' आहे. भिल्लम, सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र ही देवगिरीच्या राजांची मालिका त्यांच्या आधारे बऱ्याच निश्चितीने लावता येते. कोणत्या राजाने कोणत्या ब्राह्मणास कोणते गाव अग्रहार दिले, कोणत्या देवालयास किती उत्पन्न लावून दिले, हेही सांगता येते. मात्र त्या गावात कपडे कोण शिवत होते, मडकी कोण घडवीत होते, पहाटे जात्यावर कोण बसत होते, हे विचारू लागले की साधने मूक होतात. यात नवल नाही. जिथे जमीन, पैसा किंवा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथे लेख जन्माला येतो. ज्यांच्या हातात यांपैकी काहीच नव्हते, त्यांच्या वाट्याला लेख आला नाही.

असे असूनही, तेराव्या-चौदाव्या शतकातील एका शिंप्याच्या घरातील बहुतेक सर्व माणसांची नावे आज मराठी वाचकास ठाऊक आहेत. बाप दामाशेटी, आई गोणाई, बहीण आऊबाई, बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना, मुलगी लिंबाई, आणि घरातील दासी जनी. त्या काळातील एखाद्या सामान्य कारागिराच्या कुटुंबाची इतकी सविस्तर हजेरी मराठीत दुसरीकडे सहसा सापडत नाही. राजघराण्यातील स्त्रियांची नावे शोधताना संशोधकांना शिलालेख चाळावे लागतात, आणि शिंप्याच्या सुनांची नावे मात्र कीर्तनकारांच्या तोंडी आहेत. हे कसे घडले, आणि या माहितीचे इतिहास म्हणून मोल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. शेजारच्या बामणी गावासह 'नरसी-बामणी' असा त्याचा जोडउल्लेख होतो. हा भाग पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. परभणी जिल्ह्यातून 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जन्मस्थानाविषयी एकमत नाही. रा. गो. भांडारकरांसारख्या जुन्या अभ्यासकांनी हे गाव कऱ्हाडजवळ शोधले, तर काहींच्या मते कुटुंब आधीच पंढरपुरास येऊन राहिले होते व जन्म तेथेच झाला. परंपरेने दिलेला जन्मशक 1192, म्हणजे इसवी सन 1270. आषाढी वारीहून परतणारे वारकरी वद्य एकादशीस नरसीला येतात. या मेळ्यास 'परतवारी' म्हणतात. नांदेडला येणारे शीख यात्रेकरूही येथे येतात. गावाची स्मृती या दोन वाटांनी जागती राहिली आहे.

नामदेव लहान असताना पंढरपुरात एक शिलालेख कोरला जात होता. विठ्ठलमंदिरातील हा लेख 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यास पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा. शके 1195 ते 1199, म्हणजे 1273 ते 1277 या काळात त्यात वेळोवेळी नोंदी होत गेल्या. देवालयास ज्यांनी काही दिले त्यांची नावे आणि त्यांच्या दानाची नोंद, असे त्याचे स्वरूप. राजा रामचंद्रदेव आणि त्याचा करणाधिप हेमाडपंडित यांचीही नावे त्यात आहेत. मराठी भाषेच्या आणि विठ्ठलसंप्रदायाच्या इतिहासाचे हे अव्वल दर्जाचे साधन होय, आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याचा साक्षेपाने विचार केला आहे. पण या शिळेवर नाव येण्याची अट उघड आहे: काही तरी दिले पाहिजे. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही, त्याचे पंढरपुरात येणे, राहणे, राबणे त्या शिळेच्या दृष्टीने घडलेच नाही.

शिळेवर जागा नसलेल्या अशा माणसांची नोंद दुसऱ्या एका माध्यमाने ठेवली. अभंगाच्या शेवटी रचनाकार आपले नाव गुंफतो. त्यास नाममुद्रा म्हणतात. ही मुद्रा केवळ कर्तृत्वाची निशाणी नव्हे. मौखिक परंपरेत ती व्यक्तीच्या अस्तित्वाचा दाखला ठरते. जनीने स्वतःला नामयाची दासी म्हणवून घेतले, आणि त्या दोन शब्दांत तिचे नाव, तिचे घर, तिचा दर्जा या तिन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांच्या नावांत तर व्यवसायच आडनावाच्या जागी येऊन बसला आहे. तेर, अरण, पंढरपूर ही त्यांची गावे आणि चाक, मोट, बागेसरी, आरसा ही त्यांची साधने एकत्र ठेवली तर यादवकालीन गावगाड्याचा एक आराखडाच उभा राहतो. तो राजलेखातून मिळत नाही.

जनाबाईकडे या दृष्टीने अधिक बारकाईने पाहायला हवे. ती गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच आईबापांनी, किंवा आईच्या मृत्यूनंतर बापाने, तिला दामाशेटीच्या घरी ठेवले, असे परंपरा सांगते. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत. त्यांतून कामाची जी यादी निघते ती पाहावी: दळणे, कांडणे, केर काढणे, पाणी भरणे, धुणे धुणे, शेणी वेचणे. विठ्ठल तिच्या बरोबरीने जात्याला हात लावतो, तिच्या मागोमाग रानात शेणी वेचायला जातो, तिची वेणी घालतो. आपण हे भक्तीचे चमत्कार म्हणून वाचतो. काव्य म्हणून वाचले तरी त्यांची गोडी कमी होत नाही. पण सामाजिक इतिहासाचा अभ्यासक त्यात आणखी एक गोष्ट पाहील. देवाने मदतीला यावे अशी इच्छा ज्या कामांबाबत व्यक्त होते, ती कामे एकट्या बाईला न उरकणारी होती. आणि वेणी घालायला देवच यावा लागतो, याचा अर्थ त्या भरल्या घरात दासीच्या केसांना हात लावणारे दुसरे कोणी नव्हते. अंतःपुरातील दासींचे उल्लेख संस्कृत ग्रंथांत विपुल सापडतील. दासीच्या दिवसाचे दासीच्याच मुखातून आलेले वर्णन मात्र विरळा.

याच घरातील दुसरा आवाज गोणाईचा आणि राजाईचा. नामदेवगाथेत गोणाई आणि नामदेव यांचा संवाद आहे, राजाईची गाऱ्हाणी आहेत. मुलगा धंद्याकडे पाहत नाही, देवळातच रमतो, म्हणून आई देवाशीच भांडते. तूच माझा मुलगा नासवलास असे त्यास सुनावते. राजाई तर आपले दुःख रुक्मिणीपाशी नेते. एका बाईने दुसऱ्या बाईला सांगावे तसे ती सांगते की घरात खायला नाही आणि तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला वेड लावले आहे. हे अभंग प्रत्यक्ष या स्त्रियांनी रचले, की नामदेवांनी किंवा नंतरच्या कोणी त्यांच्या तोंडी घातले, हा वाद राहीलच. तथापि परंपरेने ते वगळले नाहीत, ही गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. भक्तीच्या गौरवगाथेतच तिची घरगुती किंमत कोणी चुकवली याचा जमाखर्च मांडून ठेवलेला आहे. संतचरित्रे वाचताना आपण जमेची बाजू वाचतो आणि खर्चाची बाजू विनोद म्हणून सोडून देतो.

या माध्यमाची ताकद सर्वाधिक दिसते ती चोखामेळ्याच्या मृत्यूत. परंपरेनुसार शके 1260 मध्ये, म्हणजे 1338 साली, मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली मजूर गाडले गेले. चोखामेळा त्यांत होता. एव्हाना देवगिरीचे यादव राज्य लयास जाऊन दोन दशके उलटली होती. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानीच देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलवली होती. इतिहासग्रंथांत राजधानीच्या या स्थलांतरावर पाने खर्ची पडली आहेत. मंगळवेढ्याची भिंत आपल्याला कळते ती मात्र केवळ एका मुद्द्यामुळे: नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातून चोख्याच्या अस्थी ओळखून काढल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते म्हणून त्या ओळखता आल्या, असे कथा सांगते. ज्यांच्या अस्थी बोलल्या नाहीत ते मजूर किती व कोण, हे कथेलाही ठाऊक नाही. वेठीच्या कामावर मेलेल्या माणसांपैकी एकाचे नाव टिकले, कारण एका शिंप्याने त्याला आपला सोयरा मानले होते.

चोख्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे आणि चौऱ्याऐंशीची शिळा मंदिराच्या आत. या दोहोंमधले अंतर चार पावलांचे, पण ते ओलांडण्यास सहा शतके लागली. साने गुरुजींच्या मे 1947 मधील उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले झाले. नामदेवांची स्वतःची समाधीही पायरीशीच आहे. शके 1272 मध्ये, म्हणजे 1350 साली, त्यांनी सहकुटुंब देह ठेवला आणि बाळंतपणासाठी माहेरी गेलेली लाडाई तेवढी मागे राहिली, असे सांगतात. समूहसमाधीच्या या कथेचे ऐतिहासिक तथ्य काहीही असो, कथा रचणाऱ्यांनी त्या सुनेचीही गैरहजेरी नोंदवली आहे.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण ते गंभीर आहेत. नामदेवांच्या नावावरील सुमारे अडीच हजार अभंगांपैकी मूळ नामदेवांचे किती, हे ठरवणे कठीण आहे. एकनाथकालीन विष्णुदास नामा आणि 'नामा' ही मुद्रा घेणारे इतर कवी यांच्या रचना गाथेत मिसळल्या आहेत. हाती असलेली बाडे शतकांनंतरची आहेत. नामदेवांची मराठी 'ज्ञानेश्वरी'च्या मराठीहून अर्वाचीन वाटते, म्हणून भांडारकरांनी त्यांना सुमारे शतकभर अलीकडे ओढले होते. महिपतीचा 'भक्तविजय' तर 1762 चा. अशा साधनांवर इतिहास उभारणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे नव्हे काय?

येथे 'लीळाचरित्रा'ची तुलना उपयोगी पडते. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी प्रत्यक्ष माणसांकडे जाऊन गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. त्यामुळे त्या गद्याला दस्तऐवजाचे वजन आहे. आणि त्याही ग्रंथात वाटेवरची, बाजारातली सामान्य माणसे भरपूर भेटतात. अभंगाची रीत वेगळी. तो गाताना बदलतो, वाढतो, परिसरानुसार रूप घेतो. पंजाबात नामदेव 'छीपा' झाले, म्हणजे कापडावर छपाई करणारे. 1604 मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथातील त्यांची 61 पदे आज गुरू ग्रंथसाहेबात आहेत. त्यांपैकी काहींत हा छीपा उल्लेख येतो, तर आसा रागातील एका पदात मन गज होते, जीभ कातर होते, सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा येतो. म्हणजे जात प्रदेशाबरोबर थोडी बदलली, पण कापड हातातून सुटले नाही. मौखिक स्मृती तारखा, क्रम, प्रसंग यांबाबत बेभरवशाची असेल. कामाच्या तपशिलाबाबत ती सहसा चिवट असते, कारण गाणारे आणि ऐकणारे तेच काम करीत असतात. दळण कसे असते हे ठाऊक असलेल्या बायकांपुढे दळणाचे खोटे गाणे टिकत नाही.

ख्रिश्चन ली नोवेट्झके यांनी नामदेवांवरील आपल्या 2008 च्या ग्रंथात या परंपरेकडे 'सार्वजनिक स्मृती' म्हणून पाहिले, ते याच कारणाने महत्त्वाचे. मूळ नामदेव कोणता, हा प्रश्न त्यामुळे निकाली निघत नाही, पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न उभा राहतो: इतक्या पिढ्यांनी नेमके काय विसरायचे नाकारले? त्याचे उत्तर घर, काम, भांडण, भूक आणि मैत्री असे मिळते. देवगिरीचा पाडाव होत असताना जगलेल्या या माणसांच्या गाण्यांत त्या पाडावाला फारशी जागा नाही, यावरून ती इतिहासाविषयी उदासीन होती असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा वाटतो. आपल्या दृष्टीने नोंदण्याजोगे काय, याचा त्यांनी केलेला निवाडा राजलेखकांच्या निवाड्याहून निराळा होता, इतकेच.

या निवाड्याचा एक परिणाम मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावा. ज्ञानेश्वरांचे चरित्र म्हणून जे आपण शिकतो आणि शिकवतो, त्याचा मूळ सांगाडा 'आदि', 'तीर्थावळी' आणि 'समाधी' या नामदेवांच्या नावावरील अभंगप्रकरणांतून आलेला आहे. आळंदीच्या समाधीप्रसंगाचे सारे कारुण्य एका शिंप्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. म्हणजे संस्कृतज्ञ, तत्त्वज्ञ, 'ज्ञानेश्वरी'चा कर्ता अशा थोर पुरुषाला चरित्र मिळाले ते दामाशेटीच्या घरातून. थोरांनी सामान्यांची नोंद ठेवावी अशी आपली अपेक्षा असते. येथे ते उलट झाले आहे, आणि यादवकाळ शिकवताना अभंगगाथा केवळ काव्यविभागात न ठेवता शिलालेखांच्या शेजारी ठेवली पाहिजे, ती या कारणासाठी. शिळेने देणारांची नावे जपली, गाथेने राबणारांची. दोन्ही साधने एकमेकांसमोर ठेवून वाचल्याखेरीज त्या काळातील पंढरपूरही पुरते दिसत नाही आणि नरसीही.