'कृष्णाकाठ'च्या पुढचं पान

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. दिवाळीत आजोळी कराडला गेलो आणि विषय परत वर आला. माळ्यावरची पुस्तकं काढून त्यांना ऊन दाखवायचं काम आमच्याकडे दर वर्षी भाचेमंडळींच्या गळ्यात पडतं. त्यात आजोबांची 'कृष्णाकाठ'ची प्रत हाती आली. शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले: "पुढं काय?"

यशवंतराव चव्हाणांचं हे आत्मचरित्र १९८४ साली आलं. एकूण तीन भाग लिहायचा त्यांचा विचार होता. पहिला इकडचा, दुसरा मुंबईच्या दिवसांचा आणि तिसरा दिल्लीचा. पहिला भाग १९४६ पर्यंत येऊन थांबतो. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला साहेब गेले आणि उरलेले दोन भाग राहूनच गेले. म्हणजे पुढे जो माणूस संयुक्त महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळून आला, त्याची स्वतःच्या शब्दांतली गोष्ट तेहेतिसाव्या वर्षीच संपते!

पण जेवढं आहे ते फार प्रामाणिक आहे. देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ आणि जन्मगाव. (ते तेव्हा साताऱ्यात होतं, आता सांगलीत. १९४९ साली जिल्हा तुटला, दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. साहेब नक्की कुठल्या जिल्ह्याचे यावर आमच्याकडे दोन्ही बाजूंचे पाहुणे अजून भांडतात. असो.) वडील लहानपणीच गेले. आई विठाईने कष्टाने वाढवलं. तुरुंगात वाचन झालं, मानवेंद्रनाथ रॉयांच्या विचारांची ओढ लागली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि प्रश्न पडला. फॅसिझम हरला पाहिजे म्हणून इंग्रजांच्या युद्धाला मदत करायची, असं रॉय म्हणत होते. इथे सातारा जिल्ह्यात घरटी माणूस पलटणीत. अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी' हेच आडनाव पडलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. अशा मुलखात 'हे युद्ध कुणाचं?' हा काही पुस्तकी प्रश्न नव्हता. यशवंतराव रॉयांपासून दूर झाले आणि काँग्रेसमध्येच राहिले. तो निर्णय सोपा गेला नाही हे ते लपवत नाहीत.

बेचाळीसचा भाग तर मी दर वेळी थांबून थांबून वाचतो. २ जून १९४२ ला लग्न आणि ऑगस्टमध्ये नवरा भूमिगत. पुढे वेणूताईंनाही अटक झाली. आजारी बायकोला भेटायला ते फलटणला गेले आणि तिथेच पकडले गेले. आपल्या चळवळीची किंमत घरच्यांना मोजावी लागली, हे सत्तरीतला मोठा नेता लिहितो तेव्हा त्यात कुठेही मोठेपणाचा आव नसतो.

म्हणूनच पुढची पानं नसल्याचं जास्त लागतं. २१ नोव्हेंबर १९६२ ला त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धबंदी सुरू झाली. त्या पराभवावर जनरल कौलांनी आपली बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं. ज्यांची ब्रिगेड नामका चू काठी उधळली गेली त्या दळवींनी लिहिलं, नेव्हिल मॅक्सवेलने लिहिलं. ज्याने ते सैन्य पुन्हा उभं केलं त्याची बाजू आपल्याला कळते ती त्यांचे सचिव राम प्रधान यांच्या पुस्तकांतून. त्यातलं २००७ सालचं तर साहेबांच्या १९६५ च्या युद्धातल्या डायरीवरच उभं आहे. १ सप्टेंबर १९६५ ला छांबवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले तेव्हा विमानदल वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. बासष्टमध्ये लढाऊ विमानं जमिनीवरच ठेवली होती, तो धडा डोक्यात असणारच. पहिल्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. त्या रात्री त्यांना झोप लागली असेल का?

मामांचं म्हणणं, "साहेब चार वर्षं अजून राहिले असते तर सगळं लिहिलं असतं त्यांनी." मला तेवढी खात्री वाटत नाही. बासष्टच्या पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत यांनी केली. साहेबांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत त्याबद्दल निवेदन केलं, पण अहवाल मात्र बंदच ठेवला. २०१४ मध्ये मॅक्सवेलने त्यातला काही भाग इंटरनेटवर टाकला, सरकारने आजवर अधिकृतपणे काही दिलेलं नाही. सैन्याचं मनोधैर्य जपायचं होतं हे खरं. नेहरूंनाही जपायचं होतं, असं मला वाटतं. १९७५ ला आणीबाणी आली तेव्हाही ते मंत्रिमंडळात होते. बायकोच्या अटकेबद्दल इतकं मोकळं लिहिणारा माणूस या सगळ्याबद्दल तितकाच मोकळा झाला असता?

हे मी बोललो तर मामा चिडले. "तुम्ही पुण्याची पोरं. त्या माणसानं फौज उभी केली ते बघा की!" मामी चहा घेऊन आल्या म्हणून वाचलो.

पण आजोबा पुण्याचे नव्हते. साहेबांची सभा कधी चुकवायचे नाहीत, आणि प्रश्न त्यांनीच लिहून ठेवलाय. पेन्सिलीचं ते पान दाखवल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

प्रधानांचं डायरीचं पुस्तक मी त्यांना पाठवून दिलंय. इंग्रजी आहे म्हणून कुरकुर चालू आहे. परवा फोनवर म्हणाले, छांबपर्यंत आलोय.