अन्ननिरीक्षकाचे तीन महिने

अन्नभेसळीचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक कायद्यांचा व प्रयोगशाळांचा विचार करतात. दुकानाच्या पायरीवर उभे राहून ज्याने नमुना घ्यावयाचा, त्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या शिक्षणाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. वास्तविक खटल्याचा पाया त्याच्याच हातून घातला जात असे.

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली संमत होऊन १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याखालील १९५५ च्या नियमावलीत अन्ननिरीक्षकाची पात्रता आठव्या नियमाने सांगितली आहे. त्या नियमात कालांतराने जी तरतूद स्थिरावली, तीनुसार वैद्यकाच्या पदवीधरास अन्नतपासणी व नमुने घेण्याच्या कामाचे एक महिन्याचे शिक्षण पुरेसे होते; रसायनशास्त्र हा एक विषय घेतलेल्या विज्ञानाच्या पदवीधरास तीन महिन्यांचे लागे. अनुभवी स्वच्छता निरीक्षकांनाही तीन महिन्यांच्या शिक्षणावर हे पद १९८५ पर्यंत खुले होते.

या मुदतीत रसायनशास्त्र शिकवावयाचे होते, असा समज होणे साहजिक आहे. परंतु नियमावली वाचली म्हणजे निराळेच चित्र दिसते. विक्रेत्यास विहित नमुन्यातील नोटीस द्यावयाची. किमान एका त्रयस्थास बोलावून त्याची सही घ्यावयाची. नमुन्याचे तीन भाग करून ते स्वच्छ व कोरड्या बाटल्यांत भरावयाचे. दूध असल्यास दर २५ मिलिलिटरला फॉर्मॅलिनचे दोन थेंब घालावयाचे. कागदी पट्टी चिकटवून वर लाखेची मोहोर करावयाची. भेसळ ओळखणे हे काम लोक विश्लेषकाचे. निरीक्षकाने निर्माण करावयाचा तो पुरावा. तेव्हा हे शिक्षण आरोग्यशास्त्राच्या नावाखाली दिलेले पुराव्याच्या कायद्याचे शिक्षण होते, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यास धार आली ती १९६४ च्या दुरुस्तीने. बहुतेक अपराधांना किमान सहा महिन्यांचा कारावास व एक हजार रुपये दंड आला. दोन हंडे घेऊन फिरणाऱ्या गवळ्यालाही तीच शिक्षा! आरोपीच्या वकिलास दुधाच्या पृथक्करणावर वाद घालण्यापेक्षा बाटली कोरडी होती काय, हे विचारणे अर्थातच सोपे होते; आणि एवढी कठोर शिक्षा देताना न्यायाधीशही कार्यपद्धती बारकाईने पाहणार, हे ओघानेच आले.

याचे बोलके उदाहरण नमुन्याच्या वजनमापाचे आहे. विश्लेषकाकडे किती पदार्थ पाठवावयाचा हे बाविसावा नियम सांगे. दुधासाठी ते माप एके काळी २२० मिलिलिटर होते. राजलदास पमनानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हा नियम बंधनकारक असून कमी नमुना पाठविल्यास शिक्षा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. १९७५ च्या निर्णयसंग्रहात हा निवाडा आहे. पुढे १९७८ साली केरळ राज्य विरुद्ध अलास्सेरी मोहम्मद या खटल्यात ते मत सोडून देण्यात आले. पाठविलेल्या नमुन्यावरून विश्लेषकास पृथक्करण करता आले असेल, तर कमी मापाने काही बिघडत नाही, असा हा दुसरा निर्णय होता. दरम्यानच्या काळात ज्यांनी काही ग्रॅम कमी भरले, त्यांच्या खटल्यांची वासलात मालाच्या गुणावर नव्हे, मापावर लागण्याचा धोका होता. निरीक्षकाचा खरा शिक्षक वर्गात नव्हता, न्यायालयात होता, असे माझे मत आहे. मात्र तो शिक्षक चूक दाखवी ती घडून गेल्यावर, अनेकदा काही वर्षांनी.

५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होऊन जुना कायदा गेला. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासाठी प्राधिकरणाने ठरविलेले प्रशिक्षण आवश्यक झाले. नमुन्याचे भाग तिनाचे चार झाले. विक्रेत्याने मागितल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. कमी दर्जाच्या अन्नासाठी आता तुरुंग नाही, पाच लाखांपर्यंत द्रव्यदंड आहे, आणि तो फौजदारी न्यायालयाऐवजी न्यायनिर्णय अधिकारी ठरवितो. मोहोर व पट्टी यांची जी झाडाझडती पूर्वी उलटतपासणीत होई, ती या नव्या व्यवस्थेत कितपत होते, हे या अधिकाऱ्यांच्या आदेशांवरून पाहावे लागेल. ते काम अद्याप कोणी हाती घेतलेले माझ्या पाहण्यात नाही.