गिरणगांवचें एक गरीब पत्र

बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें, तेव्हांपासून मराठी वृत्तपत्रांची परंपरा सुरू झाली. पुढील चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पत्रें पुष्कळ निघालीं. परंतु लिहिणारे आणि वाचणारे बहुधा एकाच थरांतले. शेतकरी आणि गिरणीकामगार यांच्याविषयीं त्यांत प्रसंगोपात्त मजकूर येई. त्यांचें स्वतःचें म्हणणें मात्र क्वचितच.

ही उणीव सत्यशोधक समाजाचे कृष्णराव भालेकर यांनीं ओळखली. १८७७ च्या जानेवारींत त्यांनीं पुण्यास ‘दीनबंधु’ हें पत्र काढलें. वर्ष दुष्काळाचें. ज्यांच्यासाठीं पत्र काढावयाचें त्यांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नाहीं आणि खिशांत वर्गणीपुरता पैसाहि नाहीं! पत्र डबघाईस आलें, यांत नवल तें काय? १८८० सालीं तें मुंबईस नेऊन नारायण मेघाजी लोखंडे यांनीं चालविण्यास घेतलें.

लोखंडे हे कांहीं काळ एका गिरणींत कोठारावर कामास होते. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुटी नाहीं, पगार केव्हां हातीं पडेल त्याचा नेम नाहीं, हें सारें त्यांनीं जवळून पाहिलें होतें. प्रत्येक कामगारास आपलें दुःख ठाऊक होतेंच. पण शेजारच्या गिरणींतहि तेंच चाललें आहे, आणि ही दैवगति नसून मागणी करण्याजोगी गोष्ट आहे, हें कोणीतरी सांगावें लागतें. निरक्षरांच्या वस्तींत एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें, हीच अशा पत्राची खरी खपाची रीत.

या पत्राचें धैर्य मात्र सर्व वेळीं सारखें राहिलें असें नाहीं. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे आरंभींचे भाग त्यानें छापले आणि पुढचे छापण्याचें थांबविलें. जोतीरावांस तें रुचलें नाहीं. त्यांचा राग योग्यच होता. तरी सरकारी रोषास भिणाऱ्या गरीब संपादकाची अडचणहि समजण्याजोगी आहे.

१८८४ च्या सप्टेंबरांत परळास कामगारांची सभा भरली. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत पगार, यंत्रांत सांपडून जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारें ५,५०० जणांनीं सह्या केल्या. अंगठ्यांच्या त्या काळीं ही संख्या लहान नव्हे.

मालकांनीं दाद दिली नाहीं. सहा वर्षें अशींच गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं पुन्हां सभा झाली, तेव्हां सुमारें १०,००० कामगार जमले, आणि त्यांत दोन कामगार स्त्रियांनींहि भाषणें केलीं. ज्या शहरांतील सुशिक्षित घरांतल्या स्त्रियाहि जाहीर सभेंत क्वचितच बोलत, तेथें गिरणींतल्या बाया उभ्या राहिल्या. त्याच वर्षीं १० जून रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली.